पदवीदान, दीक्षान्त आणि समावर्तन : एका रूढ मताचें परीक्षण

विद्यापीठांच्या पदवीदान-समारंभांचे दिवस जवळ आले म्हणजे निमंत्रणपत्रिकांवर, पाहुण्यांच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत एक विधान हटकून आढळतें. तें असें कीं, हा समारंभ म्हणजे आपल्या प्राचीन समावर्तन-संस्काराचेंच आधुनिक रूप होय. नालंदा-विक्रमशिलेपासून ही परंपरा अखंड चालत आली असून इंग्रजांनीं तिच्या अंगावर केवळ झगा चढविला. याच्या उलट दुसरें एक मत आहे. त्याप्रमाणें हा सर्व प्रकार केवळ परकीय असून, झगा टाकून उत्तरीय घेतलें कीं त्यांतील परकीयपणा नाहींसा होतो. प्रस्तुत लेखांत या दोन्ही मतांचें परीक्षण करावयाचें आहे. त्यांतहि पहिल्याचें अधिक. कारण तें मत प्रस्तुत लेखकानें शाळेंतील तीसएक वर्षांच्या नोकरींत दरवर्षीं निरोप-समारंभास जमलेल्या मुलांपुढें मोठ्या आवेशानें मांडलें आहे. संस्कृताच्या शिक्षकाला तें गोड वाटतें, यापलीकडे त्यास फारसा आधार नव्हता, हें आतां सवडीनें ग्रंथ चाळतांना ध्यानीं येत आहे. तेव्हां हें परीक्षण आधीं स्वतःच्याच मताचें आहे.

शब्दांपासून आरंभ करूं. हिंदीभाषी प्रांतांत या समारंभास ‘दीक्षान्त’ म्हणतात व तो शब्द आतां मराठींतहि सर्रास छापला जातो. संस्कृतांत हा शब्द नवा नाहीं. अमरसिंहानें ब्रह्मवर्गांत ‘अवभृथ’ याचा अर्थ देतांना नेमका हाच शब्द योजिला आहे. सोमयागाच्या आरंभीं यजमान दीक्षा घेतो. मेखला, कृष्णाजिन व दंड धारण करतो. आहार, वाणी व निद्रा यांचे नियम पाळतो. याग पुरा झाला म्हणजे तो सपत्नीक जलाशयावर जातो, सोमरसानें माखलेलीं पात्रें पाण्यांत सोडतो, स्नान करतो आणि दीक्षेचीं चिन्हें उतरवितो. तें अवभृथ-स्नान म्हणजे दीक्षान्त. अर्थात् हा शब्द विद्यार्थ्याचा नव्हे, यजमानाचा आहे. ज्यानें विद्या संपादिली त्याचा नव्हे, ज्यानें यज्ञाचा खर्च सोसला त्याचा. (हल्लींच्या शुल्कांचे आंकडे पाहतां तो पालकांस अधिक शोभेल, ही गोष्ट निराळी.) ब्रह्मचाऱ्यालाहि मेखला, अजिन व दंड असतात आणि त्याच्या व्रताचा शेवटहि स्नानानें होतो, या साम्यामुळें शब्द योजणाराची दृष्टि चुकली असावी. परंतु साम्य म्हणजे ऐक्य नव्हे.

आपला ‘पदवीदान’ हा शब्द यापेक्षां बरा, पण अर्धाच. ‘पदवी’ म्हणजे मूळ संस्कृतांत पाऊलवाट, मार्ग. त्यावरून स्थान, दर्जा. युरोपांत ज्या लॅटिन शब्दावरून ‘डिग्री’ व ‘ग्रॅज्युएट’ हे शब्द निघाले, त्याचा अर्थहि पाऊल किंवा पायरी असाच आहे. योजकानें हें जाणून केलें असो वा योगायोगानें साधलें असो, जोडणी उत्तम आहे. अडचण आहे ती ‘दान’ या उत्तरपदाची. धर्मशास्त्रकारांच्या मतें दान म्हणजे वस्तूवरील आपलें स्वत्व सोडून तेथें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें. गाय दिली म्हणजे ती आपली राहत नाहीं. विद्यापीठानें पदवी दिल्यानें विद्यापीठाचें काय कमी होतें? आणि मुख्य म्हणजे, ज्या इंग्रजी विधीचें हें भाषांतर आहे त्यांत देण्याचें क्रियापदच नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या विधींत कुलपति आपल्या अधिकाराचा उच्चार करून उमेदवारास त्या पदवींत ‘प्रविष्ट’ करून घेत असत, आणि पुढील सर्व आयुष्यांत व आचरणांत तिला शोभेसे राहण्याविषयीं त्यास बजावीत असत. प्रवेश आणि आज्ञा, इतकेंच त्या विधीचें शरीर. जो इतके दिवस बाहेरच्या ओटीवर होता त्यास आंतील मंडळींत बसवून घेणें, हा त्याचा अर्थ. तेव्हां ज्यास आपण शेवट समजतों तो त्या विधीच्या दृष्टीनें आरंभ आहे. केंब्रिजमध्यें व पुढें अमेरिकेंत या समारंभास ‘आरंभ’ या अर्थाचेंच नांव पडलें, त्याचें कारण हेंच.

या विधीचें मूळ युरोपांतील मध्ययुगीन गुरुसंघांत आहे. बोलोन्याच्या विद्यापीठांत तेथील धर्माधिकाऱ्याच्या संमतीवांचून कोणास अध्यापनाची अनुज्ञा मिळूं नये, असा दंडक तिसऱ्या होनोरियस पोपनें १२१९ सालीं घातला. परीक्षेंत उतरलेला पंडित मुख्य धर्ममंदिरांत सर्वांसमक्ष आसनावर बसे. त्याच्या हातीं ग्रंथ देत, बोटांत अंगठी घालीत व मस्तकावर टोपी ठेवीत. तात्पर्य, पदवी ही शिकल्याची पावती नव्हती. शिकविण्याचा परवाना होती. ‘मास्टर’ आणि ‘डॉक्टर’ या दोन्ही शब्दांचा अर्थ शिकविणारा असाच आहे. आमच्याकडे हें मर्म फार थोड्यांनीं ओळखलें. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठानें (स्थापना १९१६) आपल्या दोन पदव्यांस ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’ अशीं नांवें दिलीं होतीं. जिनें शास्त्र ग्रहण केलें ती पहिली. जिचें शास्त्र आतां इतरांस द्यावयाचें आहे ती दुसरी. हीं नांवें बनविणारास व्याकरणहि येत होतें आणि पदवीचा इतिहासहि ठाऊक होता. कानाला जड म्हणून तीं मागें पडलीं, याचें वाईट वाटतें.

आतां समावर्तनाकडे वळूं. आश्वलायन गृह्यसूत्राच्या तिसऱ्या अध्यायांत या संस्काराची सामग्री सांगितली आहे : मणि, कुंडलें, वस्त्रांची जोडी, छत्र, पायतणांची जोडी, दंड, माला, उटणें, अनुलेपन, अंजन आणि उष्णीष. हें सर्व शिष्यानें स्वतःसाठीं व आचार्यासाठीं मिळवावयाचें. दोघांपुरतें मिळालें नाहीं तर निदान आचार्यापुरतें तरी मिळवावयाचें. येथें देण्याची दिशा कोणती आहे हें पाहावें. देणारा शिष्य आहे, घेणारा गुरु. ‘पदवीदान’ या शब्दांत जी दिशा सुचविली जाते तिच्या हें बरोबर उलट आहे. जे गृहस्थ झग्याऐवजीं उष्णीष सुचवितांना याच सूत्राचा हवाला देतात, त्यांनीं त्याच यादींतील जोडे व छत्री प्राध्यापकांस द्यावीं अशी सूचना केल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरें असें कीं, समावर्तनांत सभा नाहीं. तो एका शिष्याचा, एका आचार्याच्या घरचा, एका दिवसाचा संस्कार आहे. त्याला राजा लागत नाहीं, परीक्षक लागत नाहीं, लेखी पत्र तर नाहींच नाहीं. परीक्षेच्या अभावामुळें जें घडे तें पारस्करानें प्रांजळपणें नोंदविलें आहे. त्याच्या मतें स्नातक तीन प्रकारचे : वेद पुरा करून पण व्रत पुरें न करतां परतणारा विद्यास्नातक, व्रताचीं वर्षें पुरीं करून पण वेद पुरा न करतां परतणारा व्रतस्नातक, आणि दोन्ही पुरीं करणारा विद्याव्रतस्नातक. यांतील मधला प्रकार पाहिला म्हणजे ज्यानें आयुष्य वर्गांत घालविलें आहे त्याला अनेक चेहरे आठवतात. वर्षें भरलीं, हजेरी भरली, विद्या तेवढी राहिली. त्यालाहि सूत्रकार स्नातकच म्हणतो, ही त्याची उदारता.

तिसरा मुद्दा मला निर्णायक वाटतो. प्रस्तुत लेखकाची पदवी पुणें विद्यापीठाची. ऐन तारुण्यांत रावेरहून पुण्यास जाण्यायेण्याचा खर्च आणि झग्याचें भाडें यांचा हिशेब करून ‘अनुपस्थित’ या सदराखालीं अर्ज भरला आणि पदवीपत्र यथाकाल टपालानें एका नळकांड्यांतून घरीं आलें. पोस्टमननें सही घेतली, आईनें देवापुढें ठेवलें, समारंभ आटोपला. कायद्याच्या दृष्टीनें त्या पदवींत कांहीं उणें राहिलें नाहीं; कारण ती एका संस्थेची घोषणा आहे आणि घोषणा ज्याच्याविषयीं करावयाची तो समोर नसला तरी चालतें. परंतु समावर्तन हें स्नान आहे. कोणाचेंहि स्नान त्याच्या अनुपस्थितींत होत नाहीं. एवढ्या एका गोष्टीवरून या दोन विधींच्या जाति भिन्न आहेत हें कळावें.

शिवाय समावर्तन मेलेलें नाहीं, कीं त्याचा पुनर्जन्म शोधावा. तें आपल्या घरांतून ‘सोडमुंज’ या नांवानें चालू आहे. कधीं मुंजीच्या पाठोपाठ, कधीं लग्नाच्या आदल्या दिवशीं अर्ध्या तासांत उरकलें जातें. नवरामुलगा छत्री-काठी घेऊन काशीस निघतो आणि मामा मुलीचें आमिष दाखवून त्यास परत फिरवितो. विनोद झाला आहे खरा, पण सूत्रांतील छत्र, दंड आणि जोडे त्या विनोदांत जिवंत आहेत. खरी अखंड परंपरा पाहावयाची तर ती तेथें आहे. विद्यापीठाच्या मंडपांत नव्हे.

नालंदेविषयीं दोन शब्द. युआन च्वांग व इत्सिंग हे दोन्ही चिनी यात्रेकरू सातव्या शतकांतले आणि तेथें प्रत्यक्ष राहिलेले. द्वारावरील पंडितांच्या प्रश्नांत बहुतेक उमेदवार कसे अडखळत, हें पहिल्यानें सांगितलें आहे. वादांत यशस्वी झालेल्यांचीं नांवें उंच द्वारांवर पांढऱ्या अक्षरांनीं लिहीत, असें दुसऱ्यानें म्हटलें आहे. नालंदेचें नांव खोटेंच सांगून मान मिळविणारे लोक तेव्हांहि होते, असेंहि युआन च्वांग नोंदवितो. ही नोंद मोलाची आहे. नालंदेचा विद्यार्थी म्हणविणारास मान होता आणि तो मान तोंडी सांगण्यावर मिळत होता, हें तिच्यावरून दिसतें. जें नुसतें नांव सांगून चोरतां येतें, त्यास आपण आज ज्या अर्थानें पदवीपत्र म्हणतों तें म्हणतां येणार नाहीं. विक्रमशिलेच्या पंडितांस राजांकडून पत्रें मिळत, या म्हणण्याचा आधार तिबेटी लेखक तारानाथ हा आहे. त्याचा ग्रंथ १६०८ चा, म्हणजे विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्यावर चार शतकांनीं लिहिलेला. परंपरेची नोंद म्हणून त्यास मान द्यावा. समकालीन पुरावा म्हणून तो पुढें करूं नये. एखाद्या बखरींतील मजकूर अस्सल पत्राच्या बरोबरीनें आपण मानीत नाहीं. तोच न्याय येथेंहि लावला पाहिजे.

मग भारतीय वाङ्मयांत या समारंभाचा जवळचा आप्त कोणीच नाहीं काय? आहे; पण जे लोक समावर्तनाचा घोष करतात ते त्याचें नांव घेत नाहींत. राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायांत राजानें विद्वानांच्या परीक्षेसाठीं ब्रह्मसभा भरवाव्या असें सांगून, उज्जयिनींत कवींच्या व पाटलिपुत्रांत शास्त्रकारांच्या परीक्षा होत असल्याची श्रुति नोंदविली आहे. त्या परीक्षेंत उतरलेल्यांस ब्रह्मरथांतून मिरवावें आणि त्यांच्या मस्तकीं पट्ट बांधावा, असें तो म्हणतो. सभा आहे, परीक्षा आहे, राजसत्तेचा प्रतिनिधि आहे, आणि डोक्यावर चिन्ह बांधणें आहे. बोलोन्याची टोपी आणि राजशेखराचा पट्ट या दोन वस्तु एकमेकींस न पाहतां सारख्या झाल्या आहेत. आपला पणजा अकालजलद यास महाराष्ट्रचूडामणि म्हणविणारा हा ग्रंथकार आपलाच मानावयास हरकत नाहीं. त्याचा हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. मात्र येथेंहि सावधगिरी हवी. मुंबई विद्यापीठाचा समारंभ त्यापूर्वीं अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू होता. तेव्हां पट्टबंधावरून तो निघाला असें म्हणतां येत नाहीं. आप्त असणें वेगळें, पूर्वज असणें वेगळें.

खानदेशाच्या वाचकांस यापेक्षां जवळचें एक प्रमाण सांगावेसें वाटतें. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणला व कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत तो संपादून छापला. शके ११२८ मधील (इ. स. १२०७) हा लेख. सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपला आजा भास्कराचार्य याच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’प्रभृति ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास उत्पन्न लावून दिलें, हा त्याचा विषय. लेखाच्या अखेरचा भाग जुन्या मराठींत आहे. पाटणांत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क ग्राहकाकडून येई तो मठास दिल्याचें, तसेंच चालत्या घाण्यांमागें पळी पळी तेल लावून दिल्याचें त्यांत नमूद आहे. हें तेल विद्यार्थ्यांच्या दिव्यांसाठीं असावें असा माझा तर्क. तो तर्कच समजावा.

या लेखांत मठांत काय शिकवावयाचें तें आहे, मठ कशावर चालावयाचा तें आहे. शिकून बाहेर पडणाऱ्याला काय मिळावयाचें याविषयीं अक्षर नाहीं. मौन हा पुरावा नव्हे, हें मान्य. परंतु याच लेखांत पदव्यांचा उल्लेख दुसऱ्या ठिकाणीं आहे, आणि तो बोलका आहे. चांगदेवाची वंशावळ देतांना मूळपुरुष त्रिविक्रम यास कविचक्रवर्ती म्हटलें आहे, आणि त्याचा पुत्र भास्करभट्ट यास भोजराजानें ‘विद्यापति’ हें नांव दिलें असें सांगितलें आहे. पुढें भास्कराचार्याचा पुत्र लक्ष्मीधर याचें सर्वशास्त्रनैपुण्य ओळखून जैत्रपाल राजानें त्यास याच नगरांतून नेऊन पंडितांचा अग्रणी केलें. पदवी मठ देत नाहीं, राजा देतो. विद्यार्थ्यास मिळत नाहीं, विख्यात झालेल्या पंडितास मिळते. आणि ती मिळते ती त्याच्या राजसभेच्या उपयोगासाठीं. आजच्या विद्यापीठांतील सन्मान्य पदव्यांशीं याचें नातें लावावें. परीक्षेनें मिळणाऱ्या पदवीशीं नव्हे.

येथवर जें पाहिलें त्यांत साम्यें पुष्कळ, सांखळी कोठेंच नाहीं. सांखळीचा एकच अस्सल दुवा मला आढळतो आणि तो पुण्याचा आहे. श्रावणमासांतील दक्षिणेची चाल सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं घातली आणि १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर ती पेशव्यांकडे आली. विद्वान शास्त्र्यांची परीक्षा होऊन त्यांचा सत्कार वाड्यांत होई. सामान्य याचकांची गर्दी पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत कोंडली जाई. यास दान म्हणावें. १८१८ नंतर एल्फिन्स्टननें या खर्चांतील कांहीं भाग विद्येकडे वळविण्याचें ठरविलें. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ सालीं लोकहितवादीप्रभृतींनीं दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ मिळावा म्हणून अर्ज केला. १८५१ सालीं पाठशाळेचें पुणें कॉलेज झालें आणि १८६४ सालीं त्यास डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. याच निधींतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. रमण्यांत वांटलें जाणारें द्रव्य अशा रीतीनें इंग्रजी शिकणाऱ्या तरुणांच्या पोटास लागलें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकींच एक.

आणि हेच भांडारकर १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत आहेत. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ च्या जुलैच्या १८ तारखेचा. पहिला पदवीदान-समारंभ १८६२ सालीं मुंबईच्या टाऊन हॉलांत झाला. कुलपतीच्या आसनावर नुकतेच गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर होते आणि बी. ए. च्या पदवीस चौघे पात्र होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. दानाचा पैसा घेऊन शिकलेला तरुण प्रवेशाच्या विधीनें विद्वत्सभेंत आला; जुनें व नवें यांची गांठ कागदोपत्रीं पडते ती या ठिकाणीं. पुढें १८९२ सालीं काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे पहिले हिंदी कुलगुरु झाले व त्यांच्या अकालीं निधनानंतर १८९३ सालीं ती जागा भांडारकरांकडे आली. एकतीस वर्षांपूर्वीं ज्या सभेंत त्यांस आंत घेतलें गेलें, तिच्याच वतीनें ते आतां इतरांस उपदेश करावयास उभे राहिले. प्रवेशाचा विधि खोटा नव्हता, असें यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

(‘कुलपति’ शब्द आला म्हणून सांगतों. परंपरेनें कुलपति म्हणजे दहा हजार मुनींस अन्न घालून शिकविणारा ब्रह्मर्षि. राज्यपाल हे आपल्या विद्यापीठांचे पदसिद्ध कुलपति असतात. त्यांच्याकडून यांपैकीं कशाचीच अपेक्षा नसते.)

समारंभाला स्वतःचें घर मिळण्यास आणखी बारा वर्षें लागलीं. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनीं सभागृहासाठीं एक लाख रुपये दिले. विलायतेंतील सर गिल्बर्ट स्कॉट यांनीं हिंदुस्थानांत न येतां नकाशे काढले. १८७४ सालीं तेराव्या शतकांतील फ्रेंच शैलीचें तें दगडी मंदिर उभें राहिलें. शेजारचें ग्रंथालय व राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या चार लाखांचें. तें काम १८७८ सालीं पुरें झालें. म्हणजे ज्या समारंभास आपण ‘सरकारी’ म्हणतों त्याचें छप्पर पारशी व जैन व्यापाऱ्यांच्या दानाचें आहे, आणि ‘दान’ हा शब्द योजावयाचाच तर तो येथें योजावा. त्या सभागृहाच्या मोठ्या वर्तुळाकार खिडकींत रंगीत कांचांच्या बारा राशि आहेत. आमच्या पाटणचा चांगदेव तेथें आला असता तर इंग्रजी भाषणांकडे त्याचें लक्ष लागलें नसतें, पण मेषापासून मीनापर्यंत त्यानें बिनचूक मोजलें असतें. या सभेंत स्त्रीचा प्रवेश होण्यास १८८८ साल उजाडलें. त्या सालच्या पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी ह्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. त्याहि डेक्कन कॉलेजच्याच.

खानदेशास हा सर्व प्रकार फार दिवस दूरचाच होता. १८६२ सालीं रावेरास आगगाडीहि आलेली नव्हती. अंमळनेरास व जळगांवास महाविद्यालयें निघालीं १९४५ सालीं. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ सुरू झालें व मुंबईऐवजीं पुण्याची वाट धरावी लागली. जळगांवास स्वतःचें विद्यापीठ आलें तें १५ ऑगस्ट १९९० रोजीं. २०१८ सालीं त्यास बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. असोद्याची ही शेतकरीण निरक्षर होती. तिची कविता तिच्या निधनानंतर, १९५२ सालीं, ग्रंथरूपानें आली. जिला स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें तिचें नांव आतां दरवर्षीं हजारों पदवीपत्रांच्या माथ्यावर छापलें जातें. विद्यापीठाला राजाचें किंवा गांवाचें नांव असण्याची चाल जगभर आहे. या नांवांत मात्र पदवी आणि विद्या या दोन वस्तु निराळ्या असल्याची कबुली पदवी देणाऱ्यानेंच छापून ठेवली आहे. असें प्रामाणिक पदवीपत्र मला दुसरें ठाऊक नाहीं.

राहिला दुसरा पक्ष, झगा टाकणारांचा. २०१० सालीं भोपाळच्या एका समारंभांत केंद्रीय मंत्र्यांनीं व्यासपीठावरच झगा उतरविला, तेव्हां हा वाद गाजला. २०१९ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें हातमागाचा वेष वापरण्याविषयीं विद्यापीठांस सुचविलें. सूचना चांगली आहे. युरोपांतील थंड दगडी मठांत पाद्र्यांनीं घातलेली लोकरी वस्त्रें आपल्या उन्हांत वागविणें हें सोसण्याचें काम आहे, आणि विणकरांचें त्यांत हित आहे. परंतु यामुळें विधि भारतीय झाला असें म्हणणें हें पोथीचें वेष्टन बदलून पोथी जुनी झाली म्हणण्यासारखें आहे. विधि वस्त्रांत नसतो, क्रियापदांत असतो. उत्तरीय पांघरून ‘दान’ केलें तरी तें समावर्तन होत नाहीं. झगा घालूनहि ‘प्रविष्ट’ केलें तर जुना विधि शाबूत राहतो.

पण तें क्रियापदच हल्लीं ऐकूं येईनासें झालें आहे. इतक्या जणांस एकेकट्यानें समोर बोलावणें अशक्य झाल्यानें शेंकडों पदवीधरांस जागच्या जागीं उभें करून एका वाक्यांत मोकळें करतात, आणि पुढें आज्ञेचा जो भाग होता तो भाषणांच्या गर्दींत विरून जातो. परकीय असो वा स्वकीय, या समारंभांत जपण्यासारखी वस्तु तीच होती. समावर्तनाच्या वेळीं आचार्य शिष्यास उपदेश करतो, तैत्तिरीयांच्या शिक्षावल्लींत त्याचा नमुना आहे, आणि मुंबईच्या जुन्या विधींतहि आज्ञा आहे. दोन्ही विधींचें खरें साम्य या एका ठिकाणीं होतें, आणि नेमकें तेंच आपण दोन्हीकडून गमावीत आहों.

वाचकांपैकीं जे संग्राहक आहेत त्यांस एक विनंति. जुन्या सनदा व महजर आपण जपतों. पण आजोबांचें मुंबई विद्यापीठाचें पदवीपत्र वाळवी लागली म्हणून चुलींत घालतों. खानदेशांतील घरांत, विशेषतः जुन्या वकील, वैद्य व मामलेदार मंडळींच्या पेटाऱ्यांत, १९४९ पूर्वींचीं अशीं पत्रें, समारंभाच्या छापील पत्रिका आणि छायाचित्रें असण्याचा संभव आहे. कोणास तीं आढळल्यास त्यांची नक्कल करून मंडळाच्या दप्तरीं ठेवावी : साल, मुद्रेवरील अक्षरें, सही कोणाची, कागद कीं चर्मपत्र, आणि धारकाचें मूळ गांव. आणखी एक गोष्ट आवर्जून उतरून घ्यावी. पत्रांत धारकास पदवी ‘दिली’ असें म्हटलें आहे, तो तिला ‘पात्र ठरला’ असें म्हटलें आहे, कीं त्यास तिच्यांत ‘प्रविष्ट केलें’ असें म्हटलें आहे, तें क्रियापद जसेंच्या तसें लिहावें.